शेवंताचं नाक आणि माहेरचं हिरवं पातळ

निवृत्ती हिरवं पातळ घेऊन दवाखान्यात आला, तेव्हा शेवंता जिवंत होती. बाई गेली की माहेरचं पातळ तिच्या अंगावर घालतात, सवाष्ण असली तर हिरवं, ही आमच्याकडची रीत. पण आधी बाईनं जायचं आणि मग पातळ यायचं. शेवंता माझी धाकटी जाऊ आणि निवृत्ती तिचा भाऊ. आदल्या दिवशी विंचूरला कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडता निवडता ती आडवी झाली. ताप असा की अंगाला हात लाववेना, मान लाकडासारखी ताठ, आणि माझ्याकडे बघून म्हणते, "ही कोण बाई?" नाशिकला आणलं तर डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या आवरणाला सूज आहे, काही सांगता येत नाही. माझ्या दिरांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, घाबरून तिच्या माहेरी येवल्याला फोन केला, "असाल तसे निघा." निवृत्ती असेल तसा निघाला नाही, दुकानात थांबून आला. मी म्हटलं, "अरे मेल्या, पिशवी तरी लपव." तो डोळे पुसत म्हणाला, "अक्का, नंतर परत हेलपाटा पडला असता ना..."

तिथली एक डॉक्टरीण वयानं लहान होती. तिनं विचारलं, "यांच्या नाकातून पाणी येतं का?" आम्ही तिघं एका सुरात म्हणालो, "कांद्यामुळं."

"एकाच नाकपुडीतून?"

"हो. डाव्या."

"कांदा काय डावी नाकपुडी बघून झोंबतो?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. खळ्यावर सगळ्या बायकांची नाकं गळतात आणि डोळेही गळतात. शेवंताचे डोळे ठणठणीत कोरडे, आणि गळायची ती एकच नाकपुडी, तीही खाली वाकली की. चातुर्मासात घरात कांदा बंद असायचा, तेव्हाही गळायची. त्याला आम्ही सर्दी म्हणायचो.

खरं तर त्या नाकपुडीवर तिनं घरात मोठं नाव कमावलं होतं. आमच्या सासूला आम्ही आत्या म्हणायचो. शेवंता आत्यांच्या पाया पडायला वाकली की टपकन एक थेंब त्यांच्या पायावर पडायचा. आत्या गहिवरायच्या. "धाकटी लय मायेची गं," असं सगळ्या गावाला सांगायच्या, आणि मग माझ्याकडे बघायच्या. माझं नाक बिचारं कोरडं. कुणाच्या मयताला गेलो तरी तेच. शेवंता वाकली की थेंब, आणि लोक म्हणायचे, बघा, सख्खी असल्यासारखी रडते. शेवंता रडणारी बाईच नव्हती. बैलानं पायावर पाय दिला तेव्हा तिनं बैलाला शिवी दिली होती, बस.

मशीनमधून डोक्याचे फोटो काढले आणि डॉक्टरणीनं आम्हाला पडद्यावर दाखवले. मेंदूभोवती पाणी असतं, तेच गळतंय म्हणाली. नाकाच्या छताला हाडात भोक पडलंय, आणि त्याच वाटेनं जंतू वर गेले. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. डोळ्यांचे गोळे मागून चपटे झालेले दाखवले, त्यांच्या मागची नस नागमोडी झालेली दाखवली. डोक्याच्या तळाशी खळग्यात वाटाण्याएवढी गाठ प्रत्येकाला असते म्हणे, ती दबून पापड झाली होती. "डोक्यात पाण्याचा दाब फार आहे. त्यानंच हाड झिजून भोक पडलं. कुकरची शिट्टी समजा. आता शिट्टी बंद करायलाच हवी, पण खालचा गॅसही कमी करायला हवा. नाहीतर दुसरीकडून फुटेल, नाहीतर डोळे जातील."

दीर एवढे घाबरलेले, तरी म्हणाले, "वाफ तर तिनं सगळी माझ्यावरच सोडली. मग दाब राहिला कुठं?"

सुया-सलाईन चालू होतं. एका सकाळी शेवंतानं डोळे उघडले. समोर भाऊ, मांडीवर पिशवी.

"काय आणलं रं?"

"केळी."

तिनं हात घालून पदर बाहेर ओढला. "लय हिरवी हायेत केळी," ती म्हणाली. मग काठ चाचपला. "बारीक काठाचं घेतलंस? मेलेल्या बहिणीला कशाला मोठा काठ, आं?" निवृत्ती खाटेखाली शिरायचाच बाकी होता. मी तिला विचारलं, "मी कोण?" तर म्हणाली, "कोण असणार? माझ्या डोक्याला ताप."

पुढं नाकातूनच दुर्बीण घालून भोक बुजवलं. बुजवल्यावर डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तेव्हा मात्र ती घाबरली. "अक्का, डोळे गेले तर मी तुझ्या हातचं खाऊ? त्यापेक्षा ते भोक बरं होतं." दाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, बोटांना मुंग्या आणणाऱ्या. वजन उतरवायला सांगितलं. तिनं भात सोडला, साखर सोडली, आणि आम्ही खायला बसलो की समोर बसून आमचे घास मोजायची. हळूहळू डोळे निवळले. सुईत दोरा स्वतः ओवला त्या दिवशी सगळ्या आळीला दाखवत फिरली.

बरी झाल्यावर ती आत्यांच्या पाया पडली. थेंब पडला नाही. आत्यांनी वाट बघितली... नाहीच पडला. "शहराचं पाणी लागलं हिला," त्या मला म्हणाल्या, "माया आटली." मी समजावलं की आत्या, ते नाक होतं. त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही.

ते हिरवं पातळ शेवंतानं परत करू दिलं नाही. "माहेरचं हाय, वाया कशाला घालवू?" लग्नकार्यात मुद्दाम नेसायची, म्हाताऱ्या बायका बाजूला सरकायच्या. विरलं तेव्हा तिनं त्याची गोधडी शिवली.

मधे निवृत्ती गेला. येवल्याला त्याच्या पायांवर ती वाकली तेव्हा मी शेजारीच होते, मुद्दाम बघत होते. नाक कोरडं होतं. दोन्ही डोळ्यांतून आलं.

पुढं दीरही गेले. शेवंता गेल्या महिन्यात गेली, छातीच्या दुखण्यानं, चहा पिता पिता. डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं आणि तोंडही. निवृत्तीच्या मुलानं पातळ आणलं, चांगल्या रुंद काठाचं. ती असती तर म्हणाली असती, आता सुचलं होय.

गोधडी माझ्याकडे आहे. रात्री पायांवर घेते. एका बाजूनं तो बारीक काठ अजून दिसतो. त्या दिवशी दवाखान्यात खाटेवर शेवंता होती आणि खाटेभोवती दीर, निवृत्ती आणि मी. आता मी आहे.