साबणवाले आणि मनोऱ्याची भेग

बाजारपेठेच्या टोकाला जिन्याखालच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे साबणवाले म्हणत. साबणाशी त्यांचा संबंध हात धुण्यापुरताच होता. पण त्यांच्याकडे फोटो काढला की चेहरा धुऊन मिळतो, असा त्यांचा लौकिक होता. मुरुमांचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, कपाळावरच्या आठ्या, जे गिऱ्हाईक घेऊन येई त्यातले निम्मे स्टुडिओतच राही.

किमया पेन्सिलीची होती. फिल्मवर सगळेच उलटे उमटते. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथे पारदर्शक रेघ होऊन बसते. ती रेघ सुईच्या टोकासारख्या पेन्सिलीने, भिंगातून पाहत, ठिपक्याठिपक्याने भरली की छापलेल्या फोटोत सुरकुती उरत नाही. रंगीत फोटो आले, मग फोनवरचे आले, आणि हे काम मागणारे कोणी राहिले नाही. साबणवाल्यांचा हात मात्र तसाच राहिला.

"लग्नाच्या फोटोत माझ्या हनुवटीवरचा तीळ काढला यांनी," त्यांची बायको आल्यागेल्याला सांगे. "माहेरी फोटो पाठवला, तर सगळे विचारायला लागले, ही कोण बाई?"

त्यांची भाची पुरातन वास्तूंच्या कार्यालयात अभियंता होती. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक दगडी मनोरा तिच्या देखरेखीखाली होता. त्याच्या अंगावर एक भेग होती आणि ती वाढते आहे, असे तिचे म्हणणे होते. वरिष्ठांना ते पटत नव्हते. त्यांना आतला जिना लोकांसाठी खुला करायचा होता. समितीची बैठक आठ दिवसांवर आली होती. तीस वर्षांपूर्वी कोणीतरी मोठ्या लाकडी कॅमेऱ्याने त्या मनोऱ्याचा कृष्णधवल फोटो काढून ठेवला होता. त्याच जागेवरून, सकाळच्या त्याच तिरप्या उन्हात, तसाच फोटो मिळाला असता तर दोन्ही शेजारी ठेवता आले असते.

"असला कॅमेरा आता तुमच्याकडेच आहे, मामा," भाची म्हणाली.

"आणि तो चालवणारा म्हातारापण."

"तो फुकट येतो ना बरोबर?"

साबणवाले सहा तासांचा बसचा प्रवास करून गेले. मुक्कामाच्या खोलीतून पहाटे निघाले, कॅमेऱ्याचे तिकाटणे रोवले, काळ्या फडक्याखाली डोके घातले आणि पोस्टकार्डाएवढ्या सहा फिल्म काढल्या. ऊन हवे तसे पडले होते, मनोऱ्याचा दगडन् दगड सुटा दिसत होता. घरी येऊन फिल्म धुतल्या, वाळवल्या आणि दुपारी खिडकीजवळच्या तिरप्या टेबलाशी बसले. बसले ते फक्त धुळीचे कण झटकायला. बायको पलीकडे भाजी निवडत बहिणीच्या घराची हकिकत सांगत होती. ते हं, हं म्हणत होते. हकिकत लांबली. चहाच्या वेळेपर्यंत सहाही फिल्म तयार झाल्या.

फोटो छापून झाल्यावर भाची घरी आली आणि तिने ते टेबलावर मांडले. जुना फोटो शेजारी ठेवला. भिंग घेऊन दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिले.

"मामा, भेग कुठे गेली?"

"कुठे जाईल? तिथेच आहे की."

ते वाकले. मनोरा नुकताच बांधून झाल्यासारखा उभा होता, गुळगुळीत, निरोगी. साबणवाल्यांनी चष्मा काढून पुसला. मग फिल्म उजेडात तिरपी धरली. पेन्सिलीची बारीक चमक खालपासून वरपर्यंत गेली होती.

"अहो, दोन हजार वर्षांच्या म्हाताऱ्यालाही सोडलं नाहीत तुम्ही?" बायको म्हणाली. कोणी हसले नाही, तेव्हा ती आत गेली.

उपाय तसा कठीण नव्हता. पेन्सिल टर्पेंटाइनने निघते. साबणवाल्यांनी कापसाचा बोळा फिरवला, पुन्हा फोटो छापले. भेग परत आली. भाचीच्या जिवात जीव आला. तिने पिशवीतून कार्यालयाचा कागद काढून पुढे केला. फिल्मवर कोणत्याही प्रकारे हात फिरवलेला नाही, असे त्यावर छापले होते. खाली सहीची जागा होती.

साबणवाल्यांनी पेन उचलले आणि परत खाली ठेवले.

"आता आहे ना भेग?" भाची म्हणाली. "जशी होती तशीच आहे."

"वरचं टोक केसाएवढं बारीक होतं. ते मी कुठपर्यंत भरलं, आता कुठपर्यंत पुसलं, मलाच सांगता येणार नाही. कापसाने जरासं कमी केलं असेल, किंवा ओरखडा पडून वाढलंही असेल. तुझं सगळं भांडण त्या टोकाचं आहे ना?"

"कोणाला कळणार आहे, मामा?"

"चाळीस वर्षं कोणालाच कळलं नाही. म्हणूनच म्हणतो."

बैठक परवा होती. साबणवाल्यांनी घड्याळ पाहिले आणि संध्याकाळच्या बसची चौकशी केली.

मनोऱ्याच्या पहारेकऱ्याने त्यांना ओळखले. "पुन्हा? का, फोटो काढताना मनोरा हलला का?"

"फोटो काढायचाच राहिला होता," साबणवाले म्हणाले.

या खेपेस ते काळ्या फडक्याखाली बराच वेळ राहिले. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मनोरा उलटा दिसत होता, जमीन वर, आभाळ खाली. पहिल्या वेळी त्यांनी त्याची उंची पाहिली होती, उजेड पाहिला होता, भेगेकडे लक्षच गेले नव्हते. चेहऱ्यावरच्या डागाकडे जात नसे तसेच. डाग म्हणजे नंतर काढायची वस्तू. आता ते भिंग घेऊन भेगेमागे दगडादगडाने गेले. तिसऱ्या खिडकीच्या चौकटीला वळसा घालून ती पुढे गेली होती. जुन्या फोटोत ती खिडकीच्या अलीकडेच थांबली होती. त्यांनी दोन फिल्म काढल्या. तिसरीची गरज त्यांना वाटली नाही.

परतीच्या बसमधून उतरून ते घरी गेले नाहीत. तडक भाचीच्या कार्यालयात गेले आणि फिल्मची बंद चौकट, कॅमेऱ्यातून काढली तशीच, तिच्या टेबलावर ठेवली.

"धुतली नाहीत?"

"तुमच्या डार्करूमचा माणूस धुईल. छापेल तोच. मी बाहेर बाकावर बसतो."

"तो फार खरखरीत छापतो, मामा. तुम्हाला बघवणार नाही."

"छापू दे."

त्यांनी खिशातून पेन काढले, तो कागद मागून घेतला आणि सही केली. मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दीड तासाने भाचीने ओला फोटो दाखवला. आभाळ करपल्यासारखे झाले होते, एका कडेला धुळीचा टपोरा ठिपका होता. भेग खिडकीच्या वर दोन दगड चढलेली स्पष्ट दिसत होती. बैठकीत त्यावर दहा मिनिटेही चर्चा झाली नाही; जिना खुला करण्याऐवजी त्याला आणखी एक कुलूप लावण्याचे ठरले.