साखर-मिठाच्या पुड्या

आम्ही कामासाठी राहतो त्या उधन्यातल्या औषधाच्या दुकानाचा मालक आमच्या खानदेशाकडचाच होता. दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आम्ही पहिल्यांदाच गावी निघालो होतो, म्हणून मी तापाचं औषध मागितलं. त्यानं थर्मामीटर, कापूस, पट्ट्याही एका डब्यात घातल्या. मग जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पुड्या काढून प्रत्येकीवरची तारीख डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"एवढं कशाला?" मी म्हणालो.

"माझा मुलगा गावी जाताना गाडीतच गेला, जुलाबानं. दुकानात या पुड्यांचा ढीग होता, भाऊ. मी एकही सोबत घेतली नव्हती."

आठवड्यानं परतल्यावर मुलीला कडेवर घेऊन मी मुद्दाम सांगायला गेलो, की डबा उघडावाच लागला नाही. ती त्याच्याकडे बघून हसली.

त्यानं मान फिरवली. "हिला परत इथे आणू नका," तो म्हणाला. "मला बघवत नाही."