मुंजोबाच्या डाळीतलं मीठ

आमच्या घरी पाहुणा आला आणि त्याच्या ताटात पनीर पडलं, की खुशाल समजावं, हा माणूस घरच्यांना फारसा आवडलेला नाही. आवडत्या माणसाला आमच्याकडे उडदाची डाळ मिळते. काळी, सालासकट, चमचा उभा राहील इतकी घट्ट. वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल, शेजारी दादर ज्वारीची भाकरी आणि फोडलेला कांदा. भाकरी डाळीत कुस्करायची, हाताने कालवायची आणि खाऊन झाल्यावर तासभर कुणाशी बोलायचं नाही. चमच्याने खाणाऱ्या माणसाला आमच्या गावात अजून कुणी मुलगी दिलेली नाही, असं माझे सासरे म्हणतात. खोटं असेल, पण मी चमचा मागायची हिंमत केलेली नाही.

मी शहाद्याच्या शाळेत मराठी शिकवते. शाळेत तोंडातून 'डाळ' निघतं आणि घराचा उंबरा ओलांडला की 'दाय'. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, डाळ म्हणजे कुकरच्या चार शिट्ट्या. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझा माहेरचा कुकर उचलून माळ्यावर ठेवला. "दाय शिजाडतंस, बॉम्ब नही फोडतंस," म्हणाल्या. त्यांचा उडीद मोलगीच्या बाजारातून यायचा. डोंगरातला, बारीक दाण्याचा. सपाटीवरच्या उडदाला त्या गुरांचं खाणं म्हणत. आमच्याच शेतात उडीद पिकायचा, तो विकायचा आणि मोलगीचा विकत आणायचा! यावर सासरे दरवर्षी भांडत आणि दरवर्षी हरत.

तर सासूबाईंच्या हाताला गल्लीत मान होता. तोही साधासुधा नाही, मुंजोबाचा. गव्हाची पेरणी आटोपली की आमची सगळी भाऊबंदकी बांधावरच्या पिंपळाखाली जमते आणि मुंजोबाला उडदाची डाळ आणि भाकरीचा नैवेद्य दाखवते. हे भलंमोठं पातेलं तीन दगडांवर चढतं. मिरची, लसूण, भाजलेलं खोबरं, कांदा यांचं वाटण घरोघरून येतं. पण एक रीत फार कडक आहे. नैवेद्य दाखवेपर्यंत डाळ कुणी चाखायची नाही. बोट बुडवायचं नाही, वास घ्यायलासुद्धा वाकायचं नाही. आता एवढ्या मोठ्या पातेल्यात न चाखता मीठ टाकायचं म्हणजे चेष्टा आहे का? चुकलं तर देवही उपाशी आणि भाऊबंदही. म्हणून मीठ गल्लीतली एकच बाई टाकते आणि ती टाकते म्हणजे सगळ्यांनी मान खाली घालून खायचं. हा मान सासूबाईंना त्यांच्या सासूने दिला होता. तो मिळाला नाही म्हणून त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे माझी चुलतसासू, उभा जन्म त्यांच्यावर डोळा ठेवून होती. आम्ही तिला काकू म्हणतो; ती आणि सगळी गल्ली सासूबाईंना जिजी म्हणते. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. एकीने वाटण वाटलं की दुसरी खिडकीतून नाक मुरडणार, हे ठरलेलं.

मागच्या थंडीच्या आधी सासूबाईंना ताप आला. ताप गेला, अशक्तपणा गेला, पण त्यानंतर घरात एक चमत्कार सुरू झाला. माझे सासरे स्वयंपाकघरात दिसू लागले. या माणसाने हयातभर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली. उसाचा ट्रक नुसता बघून किती टन आहे ते सांगायचे, पण घरात पाण्याचा माठ कुठे आहे हे त्यांना विचारूनच कळायचं. तेच आता डाळ चुलीवर चढली की दारात उभे. सासूबाई पळी पुढे करायच्या, ते हातावर थेंब घ्यायचे, चाटायचे आणि काहीतरी भलतंच बोलून निघून जायचे. "भाकरी कव्हय व्हई?" असं म्हणाले की सासूबाई चिमूटभर मीठ आणखी टाकायच्या. "आज ऊन भलतं शे," म्हणाले की डाळीत गरम पाण्याचा तांब्या ओतायच्या. भर थंडीत ऊन भलतं कसलं? मला आधी वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. बरं वाटलं, खरंच.

मग एके सकाळी शाळेच्या घाईत मी चहात साखर टाकायलाच विसरले. सासूबाईंना अर्धा चमचा साखर कमी पडली तरी त्या कप परत सरकवतात. त्या दिवशी मात्र शांतपणे सगळा चहा प्याल्या आणि मला म्हणाल्या, "आज बेस जया चहा." मी माझ्या कपातला घोट घेतला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाईंची चव गेली होती! चव नाही, वास नाही, काही नाही. आणि नवरा-बायको मिळून घरात गुपचूप हे नाटक चालवत होते.

हे गल्लीत फुटलं असतं तर मुंजोबाचं मीठ दुसऱ्याच दिवशी काकूकडे गेलं असतं. सासूबाईंना दागिन्यांची हौस नव्हती, साड्यांची नव्हती, देवदर्शनाला जायचीही नव्हती. त्यांचं जे काही होतं ते त्या एका मुठीत होतं. तेव्हा मीही मूग गिळून बसले.

मुंजोबाचा दिवस उजाडला. सासरे सकाळपासून पाय जळाल्यासारखे येरझाऱ्या घालत होते, कारण आज चाखायची बंदी! ऊन भलतं की भाकरी कधी, हे आज कशावरून ठरवणार? सासूबाई मात्र पदर खोचून पातेल्यासमोर उभ्या राहिल्या. डाळ रटरटत होती. त्यांनी मुठीने मीठ घेतलं, पातेल्याभोवती हात फिरवला, परत घेतलं, परत फिरवला. सगळ्या बायका भाकरी थापता थापता बघत होत्या. काकू तर डोळ्यांची पापणी न लववता. मीठ टाकून झालं तसा सासूबाईंनी हात झटकला आणि त्या पूजेचं ताट लावायला पिंपळाखाली गेल्या.

आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. या वर्षी पातेलं नवीन होतं, मागच्यापेक्षा मोठं. त्यांनी मूठ नेहमीचीच टाकली असेल तर? डाळ अळणी झाली तर पंगतीत काय होईल? मी इकडेतिकडे बघितलं, लाकूड सारायचं निमित्त केलं आणि एक मूठ मीठ पातेल्यात सोडलं. आपण सासूची लाज राखली या विचाराने मला इतकं भरून आलं की विचारू नका. आदर्श सून म्हणून माझा सत्कार व्हायला हवा होता.

नैवेद्य दाखवला. मुंजोबाने काही कुरकूर केली नाही. त्याचं बरं आहे, त्याला फक्त बघायचं असतं. मग पुरुषांची पंगत बसली. भाकरी कुस्करल्या गेल्या, डाळ ओतली गेली, वरून तेलाची धार पडली आणि सगळ्यांनी एकदम पहिला घास तोंडात घातला.

एकाने तोंडातला घास ना गिळला ना टाकला. एक जण पाण्याचा अख्खा तांब्या घशात ओतू लागला. आमच्या भाऊबंदकीतले सगळ्यात वडीलधारे काका ताटाकडे बघत म्हणाले, "मीठ कोनी टाकं?"

सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्यांनी सवयीने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्या चेहऱ्यावर त्यांना सगळं वाचता आलं. बाईचा रंग उतरला. एवढंसं तोंड करून म्हणाल्या, "मीच टाकं."

तेवढ्यात सासरे हातात घास धरूनच उभे राहिले. "एक मूठ मी बी टाकी," म्हणाले.

अरे देवा! असा हशा पिकला की पिंपळावरचे कावळे उडाले. "आबा, मूठ टाकी का ट्रक खाली करा?" एक पुतण्या ओरडला. "तुम्हले चूलपाशी काय काम व्हतं?" दुसऱ्याने विचारलं. सासऱ्यांचे कान लाल, मान खाली. आता मला राहवेना. मी म्हटलं, "मी पण टाकलं. एक मूठ." तू कशाला, असं कुणी विचारलं तर म्हटलं, "असंच." मुलांना निबंध लिहायला शिकवणारी बाई मी आणि मला त्याहून चांगलं उत्तर सुचलं नाही.

मग काकूने हातातली पळी पातेल्यावर आपटली. "दोन मुठी मी बी टाक्यात!"

आता मात्र हसणं थांबलं. आम्ही दोघं येडे ठरलो असतो, पण काकूची गोष्ट वेगळी होती. तिचं आणि सासूबाईंचं काय आहे हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक. बायकांत कुजबुज सुरू झाली. "हिन्हा मनमा कव्हयनं व्हतं," कुणीतरी मोठ्यानेच म्हणालं. "जिजीनं नाव घालाले करं हिन्ही." वडीलधाऱ्या काकांनी भुवया चढवल्या. "देवना भंडाराम्हा असं करतंस का वं? काबरं टाकं? सांग!" काकू ओठ घट्ट मिटून उभी. बोलली असती तर क्षणात सुटली असती. पण बोलली नाही. तिला मी त्या दिवसापर्यंत काय काय म्हटलं होतं ते आठवून मलाच कसंतरी झालं.

सासूबाई पिंपळाच्या पारावरून उठल्या आणि सरळ पंगतीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "तिले काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "कोनलेच बोलू नका. मन्ही चव गयी शे. तापम्हा गयी ती अजून उनी नही. गूळ काय अन् मीठ काय, माले बठं सारखंच लागस. ह्या तिन्ही जन माले सांभाळाले गयात अन् दाय बिघाडी बठनात."

एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मीही रडले, सांगते ना. डाळ खारट होती त्यात माझ्या डोळ्यांनी आणखी भर नको म्हणून पातेल्यापासून लांब सरकले, एवढंच.

"पन तुले कसं समजनं?" काकांनी काकूला विचारलं.

"मन्हं लोनचं नासी गयतं," काकू म्हणाली. "फेकाना आधी जिजीले चाखाले दिन्हं. तं म्हणस, बेस शे. जलम गया मन्हा, जिजी मन्हा लोनचाले कव्हय बेस म्हननी नही. तव्हयच समजनं माले."

काकांनी दाढी खाजवली. मग म्हणाले की असं असेल तर पुढच्या वर्षीपासून मीठ धाकटीनेच टाकावं, दुसरा इलाज नाही. ज्यासाठी काकू उभा जन्म टपून होती ते आयतं तिच्या ओंजळीत पडत होतं. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं.

"मी?" काकू कडाडली. "मन्ही मूठ आत्ते चाखी ना तुम्ही? जिजीनं टाकेल मीठ बरोबर व्हतं. बिघाडं ते आम्ही तिन्ही जननी. पुढला सालले बी जिजीच टाकी. आम्हले तिन्हीले फक्त बांधी ठेवा."

काका हसले आणि तिथल्या तिथे विषय संपला. मग धावपळ उडाली. कुणाच्या घरून उडीद आला, कुणाच्या शेतातून लाकडं आली, दुसऱ्या पातेल्यात बिनमिठाची डाळ चढली आणि अर्धी-अर्धी मिसळून ती संध्याकाळपर्यंत कशीबशी खाण्याजोगी झाली. पुढचे दोन दिवस गल्लीत कुणीच दुसरी भाजी केली नाही. इलाजच नव्हता, घरोघरी डबे भरून डाळ गेली होती.

पण दुसरी डाळ शिजेपर्यंत सासूबाई थांबल्या नाहीत. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्यांनी ताट घेतलं, भाकरी कुस्करली, पहिल्याच पातेल्यातली ती मिठागर झालेली डाळ वरपर्यंत ओतून घेतली आणि बायकांच्या जागी एकट्याच बसून मजेत खाऊ लागल्या. कुणाची त्यांना अडवायची छाती झाली नाही. आमच्यात पुरुष बायकांच्या पंगतीत बसत नाहीत. सासरे गेले, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि त्यांच्याच ताटात हात घातला. घासागणिक त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात थांबला नाही.

"कशी जयी?" सासूबाईंनी विचारलं.

"रोज व्हस तशी," ते म्हणाले आणि आणखी डाळ मागितली.