कार्डाला कुंकू

आमच्या घरात पिठाची गिरणी आहे. पुढच्या खोलीत गिरणी, मधे एक दार, आणि दाराच्या अलीकडे आम्ही दोघं, मी आणि बाबा. ज्वारी, गहू, डाळ, उन्हाळ्यात मिरची आणि हळद. मी खामगावच्या शाळेत गणित शिकवते, आणि बसमध्ये शेजारी बसलेली बाई हमखास माझ्या केसांवरून हात फिरवून सांगते, "मॅडम, पीठ लागलं हाय." असू दे की. पिंपळगाव राजातलं अर्धं गाव आमच्याच पिठाच्या भाकरी खातं.

अशा घरात मी गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे बातमी दळण घेऊन येते आणि दळण घेऊन जाते, त्यामुळे दोन दिवसांत सगळ्यांना कळलं.

"पस्तिशी वलांडली अन् आता गेम खेळतं का वं?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "आमच्या नातवाले तं त्याच्यापायी मार खावा लागते."

"मले कोण मारते काकू? तुम्ही येता का?" मी म्हटलं.

शाळेतल्या एका बाईंनी प्रेमानं सल्ला दिला की, पोरांसाठी गणिताचे व्हिडिओ बनवायला घेतेय असं सांगत जा, म्हणजे कुणी बोलणार नाही. काऊन सांगू? मला ट्रक चालवायचा गेम आवडतो, डोंगरातल्या रस्त्यांवरून, पावसात, मागे मोठा माल लादून. दिवसभर साठ पोरांना अपूर्णांक समजावून झाल्यावर मला तेच करायचं असतं. कुणाच्या बापाचं काय जातं?

माझ्या बापाचंही काही जात नव्हतं, पण ते बोललेच. "घे नं. तुया पैशानं घे. पण खेळणं हाय ते. खेळणं म्हणलं का मोडते."

हे मात्र झोंबलं. बाबांच्या लेखी जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या, औजार आणि खेळणं. गिरणीची मोटर औजार, वजनकाटा औजार, विळी, पाना, सायकल औजार. टीव्ही खेळणं. औजाराला दसऱ्याला कुंकू लागतं, खेळण्याला लागत नाही. झालं, मला हट्ट पेटला. हा कॉम्प्युटर मी असा घेईन की गिरणीच्या मोटरीसारखा वर्षानुवर्षं चालेल, आणि एक दिवस बाबांनाच त्याला औजार म्हणावं लागेल.

गेमिंग कॉम्प्युटरचा जीव ग्राफिक्स कार्डात. पडद्यावर चित्र काढण्याचं सगळं कष्टाचं काम ते करतं, तेच तापतं, आणि म्हणून त्याच्यावर पंखे असतात. त्यातली मुख्य चिप बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तीच चिप घेऊन, तिच्यावर आपापले पंखे आणि आपापलं नाव लावून विकणाऱ्या कंपन्या ढीगभर. मैदा एकाच गिरणीतला आणि बिस्किटांची नावं निरनिराळी, तसं. चिप ठरवायला मला वेळ लागला नाही. मेमरी भरपूर असलेली घेतली, म्हणजे पुढे येणारे जड गेमही ती ओढेल. पण नाव कुणाचं घ्यायचं?

पुण्यातला माझा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, सगळ्यात मोठा ब्रँड घे. डोळे झाकून." खामगावचा दुकानदार म्हणाला, "हे पाहा मॅडम, याच्यात सात रंगाचे लाइट हायत." मी त्याला विचारलं, लाइट राहू द्या, हे उघडते का? तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी दुकानाची किल्ली मागितली.

प्रश्न साधा होता. माझ्या घरात पीठ उडतं. काहीही घेतलं तरी ते त्या कार्डात जाणार, आणि आज ना उद्या मला ते खोलून पुसावं लागणार. बाबा मोटर घेताना कंपनीचं नाव मागाहून वाचतात, आधी बोल्ट कुठे आहेत ते बघतात. मी प्रत्येक कंपनीला लिहून विचारलं: पंखे काढून साफ केले तर वॉरंटी जाईल का? पंखा सुटा मिळतो का? मोठ्या ब्रँडनं कळवलं की आमच्या सर्व्हिस सेंटरला या. म्हणजे पिठाचा कण आला की नागपूर गाठा! एका कंपनीनं, जिचं नाव आमच्याकडे कुणी ऐकलेलंही नव्हतं, सरळ उत्तर दिलं. खोला, पुसा, पंखा आम्ही सुटा देतो. स्क्रूवर सीलही नव्हतं.

तेच घेतलं. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, असलं अनोळखी नाव? पस्तावशील."

"पस्तावले तर माझी मी पस्तावीन. तुला त्रास देणार नाही."

ते कार्ड उत्तम चालत होतं. महिन्यातून एकदा मी ते पुसत असे, बाबा दारात उभे राहून बघत आणि "खेळणं काय म्हणते?" असं विचारून निघून जात.

मग दसरा आला. गिरणी बंद होती. मी सकाळी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले, आल्यावर स्वयंपाकाला लागले. दुपारी जेवण झाल्यावर म्हटलं थोडा ट्रक चालवू. बटण दाबलं आणि आतून टर्रर्र असा आवाज आला, सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखा. कॉम्प्युटरच्या डब्याच्या काचेआड पिवळा धूर उडाला. मग कटकन काहीतरी तुटलं. मी घाईघाईनं वायर उपटली आणि बाजूची काच काढली. कार्डाच्या दोन्ही पंख्यांवर हळद, कुंकू आणि ओल्या अक्षता! एका पंख्याचं पातं मोडून खाली पडलेलं.

"बाबा! हे काय करून ठेवलं तुम्ही!"

मी ओरडले, चांगली गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडले. बाबा धोतराला हात पुसत आले, पात्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बंद व्हतं नं ते. म्हणलं बंद हाय तं पूजा करून घ्यावं. काचीवरून कुंकू कसं लावू? देवाले कोनी काचीवरून लावते का? तू महिन्याचं ते पंख्याचं काढून पुसते, म्हणलं जीव त्याच्यातच असन."

"पण काऊन? तुमच्या हिशोबानं तं खेळणं हाय नं ते!"

त्यांनी मोडलेलं पातं उचलून तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "दिवसभर पोट्टे सांभाळून येते तू. तोंड कसं आंबून राह्यते. तिथं बसली का हासते. मंग ते कामाचंच झालं नं वं."

मला रडू आलं. राग गेला होता असं नाही, राग होताच. ज्या गोष्टीसाठी इतका अट्टाहास केला ती मला मिळाली, आणि तिच्याचपायी माझा पंखा मोडला.

भावाला फोन केला, तर तो आधी पोट धरून हसला. "कार्डावर अक्षता? ताई, कुंकू बघून कोणती कंपनी वॉरंटी देईल? आणि हे बाहेर कुणाला सांगू नकोस, लोक हसतील."

"तू सांगितलेलं कार्ड असतं तर मला तोंड लपवत नागपूरला जावं लागलं असतं," मी म्हटलं. "माझं उघडतं. ठेव फोन."

आम्ही दोघांनी ते ओट्यावर उघडलं. मी स्क्रू काढले, बाबांनी चाळणी झाडायचा मऊ ब्रश आणला आणि दाण्या-दाण्यानं अक्षता वेचल्या. सुटा पंखा मागवला, तो कुरिअरनं आला. तो बाबांनीच बसवला, मला हात लावू दिला नाही. त्यानंतर पहिल्यांदा ट्रक सुरू झाला तेव्हा ते शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ब्रेक मार ना, माल पडन." काकूंना मी स्वतः जाऊन सगळी हकीगत सांगितली. हसू देत, मीही हसले.

यंदाच्या दसऱ्याला बाबांनी मोटरीला कुंकू लावलं, काट्याला लावलं, विळीला, सायकलीला लावलं. कॉम्प्युटरपाशी आले आणि टेबलाच्या पायाला एक फूल टेकवून चोरासारखे मागे सरले.

मी वायर काढली, काच काढली, कार्ड सोडवलं आणि मोटरीशेजारी पाटावर नेऊन ठेवलं.

"लावा," मी म्हटलं.

"नको वं. पुन्हा बिघडन."

"बिघडू द्या. उघडते नं ते?"

बाबांनी ताट खाली ठेवलं, बोट कुंकवात बुडवलं, आणि अक्षता मात्र मुठीतच धरून ठेवल्या.

"अक्षता पण," मी म्हटलं.