दाजींचा यूनानी डोंगर

आमच्या दाजींएवढा मोठा आवाज असलेला माणूस सगळ्या निजामी मुलखात दुसरा नव्हता. असता, तर ते दोघं कधीतरी कळंबच्या बाजारात समोरासमोर आले असते आणि त्यांच्या रामरामानेच बाजारातली जनावरं दावी तोडून पळाली असती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंगाने किडकिडीत, गालफडं बसलेली, मिशी असून नसल्यासारखी. एवढ्याशा देहात एवढा आवाज ठेवायला जागा कुठे असेल, याचं मला लग्नाच्या मांडवापासून कोडं होतं. त्यांचे वडील कानांनी अधू होते. दाजी विहिरीवर मोट हाकत आणि वडील लांबच्या वाफ्यात दारं धरत, आणि दोघांच्या साऱ्या गप्पा तेवढ्या अंतरावरून चालत. त्यामुळे बोलणं म्हणजे या बांधावरून त्या बांधावर फेकायची वस्तू, अशी दाजींची लहानपणी जी समजूत झाली ती कायमची. त्यांच्या घरातलं मीठ संपलं की ते अक्काच्या आधी गावाला कळे. एकदा त्यांनी तुळजापूरहून अक्कासाठी गुपचूप लुगडं आणलं आणि दारातूनच तिला हळूच सांगितलं, "अगं, आईला दावू नगंस!" मागे गोठ्यात धार काढत बसलेल्या सासूबाई हातातली चरवी तशीच घेऊन पुढे आल्या, आणि त्यांच्यामागून शेजारच्या दोघी लुगड्याचा पोत बघायला आल्या. अक्का मान खाली घालून म्हणाली, "अवं, जरा हळू बोलावं की." दाजी मनापासून चकित झाले. "हळूच तर बोलायलोय!"

गावच्या हौशी नाटकात त्यांना एकदा विंगेतून वाक्यं सांगायला बसवलं होतं. पाठांतर उत्तम, शब्द स्वच्छ, पण राजाने तोंड उघडण्याआधीच लोक टाळ्या देऊ लागले. पहिल्या अंकात राजा चिडला, दुसऱ्यात त्याने नाद सोडला, आणि तिसऱ्या अंकात तो नुसते हातवारे करत उभा राहिला. नाटक छान रंगलं असं सगळे म्हणाले. राजाने मात्र दाजींशी बोलणं टाकलं, आणि त्याने आपल्याशी बोलणं टाकलंय हे दाजींना पुष्कळ दिवस कळलंच नाही, कारण बोलायचं काम नेहमी तेच करत.

पुढे दुसरं महायुद्ध लागलं आणि हे गृहस्थ इंग्रजांच्या फौजेत खेचरांच्या तुकडीत भरती झाले. समुद्रापार गेले, किती तरी मुलूख फिरले. लढाई संपल्यावर परत आले ते एक जाड कांबळं, एक टवके उडालेला मग आणि यूनान घेऊन. साहेब लोक त्या देशाला ग्रीस म्हणतात; पण आमच्या शाळा उर्दू, त्यामुळे आम्हाला तो यूनानच. बाकीच्या लढाईबद्दल दाजी अवाक्षर काढत नसत. कुणी विचारलंच तर एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस विडी पेटवून गप्प बसे. पण यूनान म्हटलं की डोळे लुकलुकू लागत, आणि मांडी ठोकून गोष्ट सुरू होई.

गोष्ट अशी. तुकडीचा तळ एका डोंगराखाली पडला होता. खेचरं तहानलेली. दाजी नि त्यांचा एक जोडीदार खेचरं घेऊन पाणी शोधत चढले, तर डोंगराच्या कुशीत दगडी पायऱ्यांच्या रांगांवर रांगा, अर्धगोल, आणि खाली मधोमध गोल फरसबंदी. "पाव्हणं, आपल्याकडची बारव अर्धी कापून डोंगराला टेकवून ठिवावी ना, तशी! म्या म्हनलं, हाय रं हाय, बारव हाय!" लगेच हे खेचरं घेऊन त्या पायऱ्या उतरू लागले. तळाशी पाण्याचा टिपूस नाही. "बारव आटली जनू," असं दाजी जोडीदाराला म्हणाले, आणि ते म्हणणं सगळ्या डोंगराने त्यांना परत ऐकवलं. तेवढ्यात एक म्हातारा राखणदार दोन्ही कानांवर हात ठेवून धावत आला. त्याने खेचरं बाहेर काढायला लावली. हजारो वर्षांपूर्वी इथे नाटकं होत, लोक या पायऱ्यांवर बसून बघत, हे त्याने हातवाऱ्यांनी समजावलं. मग दाजींचा दंड धरून त्यांना सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन बसवलं आणि स्वतः खाली जाऊन मधोमध उभा राहिला. त्याने एक वाळकं पान उचललं आणि मुठीत चुरगाळलं.

"तर पाव्हणं, ते पान माझ्या मांडीवर चुरगाळल्यावानी वाजलं! मग त्यो म्हातारा त्याच्या बोलीत हळूच काय तर बोलला. एक अक्षर कळलं न्हाय, पन बोलला ते माझ्यासंगंच."

"मग तुम्ही खाली जाऊन काय बोललात?" मी विचारलं.

दाजी पहिल्यांदाच खाली बघून म्हणाले, "मला जमलंच न्हाय. हळूच म्हनून बोलाय गेलो, तर म्हातारा कानावर हात ठिवून पळाला."

ही गोष्ट त्यांनी घरोघर सांगितली, आणि गावाने ती घरोघर उडवून लावली. पाटील म्हणाले, "पान चुरगाळल्यालं ऐकू येतंय व्हय? मिलिटरीची थाप हाय." एकटे हकीमसाहेब दाजींच्या बाजूने उभे राहिले. हकीमसाहेबांचा यूनानी दवाखाना गावात पिढीजात. त्यांनी यूनान बघितलं नव्हतं, पण औषध तिथलं म्हणून त्या देशाची जबाबदारी ते आपल्यावर मानत. "यूनान का मामला है पाटील, झूट कैसा होगा?" असं त्यांनी बजावलं आणि दाजींना हळूच बाजूला घेऊन विचारलं, "वहाँ लोगों की तबीयत कैसी है?" दाजी गर्जले, "लई धडधाकट!" त्या आठवड्यात दवाखान्यात मोठी गर्दी झाली.

पण थाप म्हटलेलं दाजींना लागलं होतं. एके दिवशी चावडीवर ते ताडकन उठले. "गावामागं टेकाडाला दगडाची जुनी खाण हाय. तशीच अर्धगोल हाय. म्या पायऱ्या बसवतो. सुगी झाली की समदं गाव येऊन बसा. खालनं हळू बोलल्यालं वरच्या माणसाला ऐकू न्हाय आलं, तर पुना जल्मात यूनानचं नाव काढणार न्हाय!"

मी कळंबला मास्तर होतो. हे कळल्यावर मला हसू आलं आणि मग काळजी वाटली. मला दाजी फार आवडत. एवढ्या मोठ्या लढाईतून या माणसाने एकच आनंदाची गोष्ट घरी आणली होती आणि ती त्याने चावडीवर पणाला लावली. ती गेली तर विडी पेटवून गप्प बसणारा माणूस तेवढा मागे उरणार होता.

दाजींनी पहारीने दगड सरळ केले, चिपा बसवल्या, पायऱ्या झाडून लख्ख केल्या. त्याहून अवघड काम हळू बोलायला शिकण्याचं होतं. ते रोज ज्वारीत जाऊन कुजबुजायचा सराव करत, आणि ते कुजबुजले की कणसांवरची पाखरं भुर्रकन उडत. राखणीची गोफण त्या साली कुणी हातात घेतली नाही. शेवटी अक्काच त्यांची मास्तरीण झाली. ती चुलीशी, हे उंबऱ्यात. "अजून हळू. अजून. आता कसं, बरं वाटतंय कानाला," असं ती म्हणे आणि गालात हसे.

त्या दिवसांत चार माणसं जमवायची तर निजामी पोलिसांच्या अमीनाची परवानगी लागे. अमीनसाहेबांनी विचारलं, "जलसा कसला?" हकीमसाहेब म्हणाले, "हळू बोलण्याचा, हुजूर." अमीनसाहेब गंभीर झाले. मोठ्याने बोलणाऱ्यांची सरकारला फिकीर नाही, हळू बोलणाऱ्यांचीच आहे, असं म्हणून त्यांनी परवानगी दिली आणि स्वतः हजर राहायचं ठरवलं.

तिथेच घोटाळा झाला. खुद्द अमीनसाहेब येणार म्हटल्यावर गावाच्या अब्रूचा प्रश्न आला. दाजी आंघोळ करून खाणीवर पोचले तोवर पाटलांनी जाजमं अंथरली होती, घरोघरची घोंगडी पायऱ्यांवर पडली होती, खाली कडबा पसरला होता, अमीनसाहेबांना गादी नि लोड, आणि वर कनातीचं कापड ताणलेलं. दाजींनी कपाळावर हात मारला. "अवं, काढा ते! दगड उघडा पायजे! घोंगडं आवाज खातंय!" पाटील म्हणाले, "पाव्हण्याला उघड्या दगडावर बसवायचं? आमाला काय चालरीत हाय का न्हाय?" दाजींनी उचललेलं घोंगडं परत अंथरलं, कारण पाहुण्याला उघड्या दगडावर तेही बसवू शकले नसते. मानाची माणसं खाली बसली, त्यांच्यामागे बाकीची, आणि घोंगडी संपली तिथून वर, उन्हात, बायका. अक्का सगळ्यात वरच्या पायरीवर होती. मी पुरुषांच्या शेवटच्या रांगेत, तिच्यापासून थोडा खाली बसलो होतो.

दाजी मधोमध उभे राहिले. पटक्याचं टोक सारखं केलं, वर बघितलं आणि ओठ हलवले. मी कानांत जीव आणून ऐकत होतो. मला फक्त वारा ऐकू आला. अमीनसाहेबांनी शेजारी विचारलं, "बोलले का?" कुणीतरी खोकलं, कुणीतरी फिसकन हसलं. पाटील गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, "चला, झालं. मिलिटरी, आता यूनान बंद बरं का." दाजींनी मान हलवली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिकडे बघवेना.

तेवढ्यात वरून आवाज आला, "मला आलं ऐकू."

सगळं गाव वळलं. अक्का उभी होती. पुरुषांच्या बैठकीत ती कधी चार शब्द बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर तिने घट्ट धरला होता, पण नजर सरळ खाली दाजींकडे.

पाटलांनी हसत विचारलं, "काय म्हनलं मग सूनबाई? सांगा की आमाला."

"ते माझ्यासंगं बोलले," अक्का म्हणाली. "तुमाला कशाला सांगू?"

बायकांच्या बाजूने जो हशा उठला तो घोंगड्या-जाजमांना न जुमानता खालपर्यंत पोचला. अमीनसाहेब लोडावर कोसळून हसले. हकीमसाहेबांनी दाजींना मिठी मारली. पाटील म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या तुमचं यूनान," आणि त्यांनीच गुळाची ढेप फोडायला सांगितली. दाजी मात्र तसेच उभे होते, वर बघत, तोंड उघडं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्या मुलाचा असा चेहरा मी त्या दिवशीच बघितला.

त्यानंतर दाजींनी यूनानची गोष्ट हयातभर सांगितली. निजामी गेली, गाव वाढलं, खाणीच्या दगडांची घरं झाली. दाजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अक्का थकली आहे, पण कान शाबूत आहेत. मागच्या खेपेला ती उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तेव्हा मी विचारून घेतलं. म्हटलं, "अक्का, मी तिथंच होतो. मला काही ऐकू आलं नव्हतं. खरं सांग, दाजी काय म्हणाले होते?"

अक्काने हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला सांगितल्यावर मग माझ्याकडं काय ऱ्हाईल रं?"