खुंटीची बाजू

ध्वज शिवण्याच्या कारखान्यात मावशींना सगळे फूटपट्टी म्हणत. लांबी रुंदीच्या दीडपट, इंचाला आठ टाके, हा कायदा त्यांना तोंडपाठ होता. चुकलेला ध्वज फडकं म्हणूनही वापरता येत नाही, हे त्यांनी होणाऱ्या जावयाला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. त्याने विचारलं नव्हतं.

मुकादमाचा एक नियम मात्र कायद्यात नव्हता. जवळचा चष्मा लागला की बाईने मशीन सोडून घडीच्या टेबलावर जायचं. मावशींना चष्मा लागून दोन वर्षं झाली होती, आणि तो घरी पिठाच्या डब्यामागे असे. तपासणीला येणारे डॉक्टर दरवर्षी वाचायला तेच कार्ड देत. ते मावशींनी पाठ केलं होतं. एकदा डॉक्टर कार्ड द्यायचंच विसरले, तरी त्यांनी पहिल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. डॉक्टरांनी 'उत्तम' असा शेरा लिहिला.

घड्या काय, कुणीही घालतं. एकवीस वर्षांचं मशीन गेलं तर आपल्याला विचारतो कोण, या धास्तीने मावशींना झोप लागत नसे.

एका सकाळी कामावर जाताना मावशी एका मोठ्या कचेरीसमोर थबकल्या. खांबावर नवा ध्वज होता. निळी पट्टी खाली, पांढरी वर, म्हणजे चक्क उलटा. खालून शेकडो माणसं जात होती, पण मान वर करायला वेळ कुणाला? ध्वज चढवणारा रंग बघत नाही, कडेला शिवलेली लाकडी खुंटी बघतो. खुंटीची बाजू वर, एवढंच त्याला ठाऊक. आणि या महिन्यात खुंट्या एकट्या मावशींनीच शिवल्या होत्या.

त्या दहा पावलं पुढे गेल्या आणि परत फिरून फाटकावरच्या शिपायापाशी आल्या.

"दादा, झेंडा उतरवा. उलटा आहे."

शिपायाने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मी खुंटी बघूनच चढवलाय हो. आता साहेब मला घरी बसवतील."

"तुमची चूक नाही, माझी आहे. आमच्या मुकादमांना फोन लावा."

मुकादम स्कूटरवरून आला. उतरवलेल्या ध्वजाच्या कडेला मावशींच्या मशीनचा नंबर होता. तो त्याने दोनदा वाचला.

"एवढ्या उंचावरचं तुम्हाला रस्त्यावरून दिसलं?"

"लांबचं स्वच्छ दिसतं मला."

"आणि जवळचं?"

शिपाई उगाचच दोरी गुंडाळू लागला.

"दोन वर्षं झाली, नाही दिसत," मावशी म्हणाल्या. "तुम्ही दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा मी खोटं बोलले."

मुकादमाने ध्वजाची दोन टोकं त्यांच्यापुढे धरली. मावशींनी ती घेतली आणि त्या तिथेच, फाटकापाशी, त्याच्यासोबत घडी घालायला लागल्या. डोळे इतके भरून आले होते की आता लांबचंही दिसत नव्हतं. ध्वज मात्र त्यांनी जमिनीला टेकू दिला नाही.