मालकी मिळवून देणारे मुकुंदराव

माझे थोरले दीर मुकुंदराव कुणाकडे गेले की आधी पाणी मागत नसत, फोन मागत. तो उलटा करून पाठीवर नखाने टकटक करत आणि विचारत, "हा कुणाचा?" समोरचा म्हणे, "माझा." मग ते समाधानाने हसत. "चूक. हा कंपनीचा. तू फक्त किरायेदार."

सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना हे खूळ लागलं. फोनला कंपनीने घातलेलं कुलूप तोडायचं आणि आतल्या सगळ्या यंत्रणेचा ताबा मिळवायचा, याला म्हणे रूट करणं म्हणतात. ही विद्या ते यूट्यूबवर शिकले, तीही अर्धवट, कारण एकही व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचा धीर त्यांच्यात नव्हता. उभ्या नोकरीत साहेबासमोर ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, ते आता मोठमोठ्या कंपन्यांना नमवत होते. नई सडकेवरचे मोबाइलवाले त्यांना लांबून पाहिलं की दुकानात आत काहीतरी शोधायला जात.

पहिला बळी आमच्या ह्यांचा फोन. ताबा मिळाला, पण बँकेचं ॲप उघडेना. 'हे उपकरण सुरक्षित नाही' एवढंच म्हणे. "बँक डरती है," मुकुंदराव म्हणाले. "आपण मालक झालो ना, म्हणून." मालक दुसऱ्या दिवशी बँकेच्या रांगेत उभे राहिले. मुकुंदराव अर्थातच सोबत गेले नाहीत.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग त्यांची नजर नलूआत्याच्या फोनवर गेली.

नलूआत्या ह्यांची सख्खी आत्या. आयुष्यभर आमच्या शहरातल्या लश्कर भागात गाणं शिकवलं आणि घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला. त्याआधी काही वर्षं शिकवताना ती फोन शेजारी ठेवून रेकॉर्डिंग करत असे. त्यात बंदिशी होत्या, आणि मधूनमधून मुलींना दिलेला दम, "अगं, सम कुठे पळाली तुझी?" आवाज गेल्यावरही तिची शिकवणी थांबली नाही. ती फोनवर स्वतःचंच गाणं लावायची, हाताने ताल धरायची आणि मुली मागून गायच्या. फक्त फोन जुना झाला होता, अडखळायचा.

"कंपनीने कचरा भरलाय यात," मुकुंदराव म्हणाले. "साफ करून देतो."

मी म्हटलं, "भावजी, आधी तिचं गाणं दुसरीकडे काढून ठेवा."

"तू चिंता मत कर, सुनीता. इतके फोन केलेत मी."

फोन लॅपटॉपला जोडला. पडद्यावर सूचना आली. मी मोठ्याने वाचली, "भावजी, थांबा, यातलं सगळं पुसलं जाईल असं लिहिलंय!"

"ये सब डराने के लिए लिखते हैं," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि दुकानातून आणल्यासारखा, कोणती भाषा हवी, असं विचारू लागला. आत्याचं बोट नेहमीच्या जागी गेलं. मग खाली, मग वर. ती शोधत राहिली. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे बघवेना.

"आता हा शंभर टक्के तुझा, आत्या," मुकुंदराव घाम पुसत म्हणाले.

बोलण्यासाठी ती जवळ पाटी ठेवत असे. तिने पाटीवर लिहिलं, 'मग तूच घेऊन जा.'

एखाद्याने मान खाली घातली असती. मुकुंदरावांनी विचारलं, "खरंच?" आणि फोन खिशात टाकला.

शिकवणी बंद पडली. पुढच्या हिवाळ्यात आत्या गेली. शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "एखादं रेकॉर्डिंग लावा ना त्यांचं." पहिल्या रांगेतून मुकुंदराव उठले. मला वाटलं, निदान आज तरी हा माणूस माफी मागेल.

"दुर्दैवाने आत्याने बॅकअप घेतला नव्हता," ते म्हणाले. "आपल्या लोकांना ती सवयच नाही."

मागे बसलेली तिची एक जुनी शिष्या उठली आणि आत्याने शिकवलेली बंदीश तिने तशीच, साथीशिवाय सुरू केली. मध्ये एकदा अडखळली, पुन्हा धरली. सगळे डोळे मिटून ऐकत होते. मी उघडले तेव्हा मुकुंदराव मान खाली घालून आत्याच्या फोनवर नवी सिस्टीम चढवत होते.